हार्टमुटचं प्रवाळ आणि लख्ख घासलेलं पिंप

मुक्काम आल्ब डोंगराचा माथा, तेच घर, तोच दुसरा मजला
सप्टेंबर सरता सरता

आदरणीय लीझलताईस,

धाकट्या एबरहार्डचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणतो खरा, पण गुडघा अजून पुरता वाकत नाही, तेव्हा जेवढा वाकला तेवढा पावला असं मान.) तुझी कंबर कशी आहे? तिकडे समुद्रावर वारं सुटलं असेल आणि तू नेहमीप्रमाणे कानाला काही न गुंडाळता बंधाऱ्यावर हिंडत असशील. गुंडाळत जा. भावजींचा खोकला गेला का? त्यांना सांग, चहात थोडी रम घालणं हे औषध झालं, पण रममध्ये थोडा चहा घालणं हा वेगळा प्रकार आहे, आणि दोन्ही एकच असल्याचा आव त्यांनी निदान डॉक्टरपुढे तरी आणू नये. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. यंदा प्लमची झाडं इतकी लगडली की शेजारीपाजारी एकमेकांना टाळू लागले आहेत, कारण जो भेटतो तो हातात टोपली देतो.

आता मुख्य बातमी. ताई, माझं कॅल्शियम चारशे वीस आहे. (हाडांतलं नव्हे, टाकीतलं. गुडघ्याच्या डॉक्टरलाही मी हीच बातमी दिली होती, तर तो आधी घाबरला आणि मग खुलासा ऐकून उगाचच हसला.) लिटरमागे चारशे वीस मिलिग्रॅम. काल तेवढं, आज तेवढं, आणि देवाच्या दयेनं व माझ्या हाताच्या गुणानं उद्याही तेवढंच राहणार. आमच्या अख्ख्या प्रवाळ मंडळात इतकं स्थिर कॅल्शियम कोणाचं नाही. अध्यक्ष झीग्लोखसाहेबांचं स्वतःचं खालीवर होत असतं. ते कबूल करत नाहीत, पण त्यांच्या टाकीतल्या प्रवाळांच्या तोंडावर ते दिसतं. मी कोणाला नावं ठेवत नाही. मी फक्त माझा आकडा सांगतो आणि गप्प बसतो.

तुला यात काही विशेष वाटायचं नाही, कारण तू कधी मोजतच नाहीस. तुझ्या खिडकीतल्या त्या पातेल्याएवढ्या टाकीतलं तू दर शनिवारी बादलीभर पाणी काढतेस, नवीन खारं पाणी ओततेस आणि हात पुसून मोकळी होतेस. कॅल्शियम किती, असं विचारलं की म्हणतेस, ‘प्रवाळ वाढतंय की रे, अजून काय पाहिजे?’ ताई, ही काय बोलायची पद्धत झाली? अंगाला हात न लावता पोराला ताप नाही म्हणण्यातला हा प्रकार आहे. प्रवाळ पाण्यातला चुना ओढून घेतं आणि त्याचं घर बांधतं. जितकं जोमानं वाढतं तितकं पाणी रिकामं होत जातं. तो चुना परत घातला नाही तर बिचारं थांबतं, मग पांढरं पडतं. जास्त घातला तर तो चुना पंपावर, काचेवर, वाळूवर, सगळीकडे बसतो, फक्त प्रवाळाला मिळत नाही. म्हणून मी टाकीशेजारी चुन्याच्या निवळीचं पिंप ठेवलं आहे. गाळून निर्मळ केलेल्या पाण्यात चुना ढवळायचा, तळाशी बसू द्यायचा आणि वरची नितळ निवळी छोट्या पंपानं थेंबथेंब सोडायची. टाकीतलं जेवढं पाणी उडून जातं तेवढी निवळी आत येते, आणि प्रवाळाचं पोट भरतं. आठवड्यातून दोनदा मी नळीत पाण्याचा नमुना घेऊन गुलाबीचं निळं होईपर्यंत थेंब मोजतो, जितके जास्त थेंब तितकं जास्त कॅल्शियम. त्या वेळी घरात कोणी बोलायचं नाही असा नियम आहे. (इर्मगार्ड नेमकी तेव्हाच विचारते, बटाटे सोलून ठेवलेत का.)

आणि हे काम करतंय कोण, ही गंमत तुझ्या लक्षात येते का? आल्बवरच्या घराघरांत शिरून बॉयलरमधला चुना खरवडण्यात ज्याची उभी हयात गेली तो तुझा भाऊ! जन्मभर ज्याला हाकललं त्याला आता घरी बोलावून खाऊपिऊ घालतोय. आपला डोंगरच मुळी चुन्याचा, हे तुला सांगायला नको. लहानपणी नांगरामागून चालताना ढेकळांत दगडी पोवळी सापडायची आणि बाबा ती कोंबड्यांच्या खुराड्याभोवती रचायचे. कधीकाळी इथे समुद्र होता, या डोंगराचा दगडही बराचसा प्रवाळांनीच बांधला आहे, आणि त्याच दगडातून गाळून येणारं पाणी आपण पितो. मग किटलीत चुना, नळावर चुना, इस्त्रीत चुना. आपल्याकडची बाई एक वेळ चर्चला जायची राहील, पण किटलीवर पांढरा थर राहू देणार नाही. इर्मगार्ड तर त्यात अव्वल. लिंबूसत टाकून ती किटली अशी उकळते की कारागिराच्या हातून नुकतीच सुटल्यासारखी दिसते. ही विद्या तिला मीच शिकवली. साखरपुड्यानंतरची पहिली भेट म्हणून मी तिला लिंबूसताची भली मोठी पिशवी दिली होती, आणि ती हे अजून चारचौघांत सांगते.

आता हार्टमुटच्या प्रवाळाकडे वळतो. हार्टमुट श्टोट्सला तू ओळखतेसच, तुझ्याकडे आला होता तेव्हा त्यानं लोणच्याच्या बरणीतून तुला त्याची एक फांदी आणून दिली होती. (मंडळाचा रिवाजच तो: आपल्या चांगल्या प्रवाळाची फांदी दुसऱ्याकडे असावी. पण ती अशा घरी द्यावी जिथे मोजमाप होतं, असं माझं तेव्हाही मत होतं.) नखाएवढ्या तुकड्यापासून त्यानं ते प्रवाळ वाढवलं, सांबराच्या शिंगांसारखं, तपकिरी अंग आणि निळी टोकं. तो गेला त्याच्या आदल्या हिवाळ्यात त्यानं मला बोलावलं आणि म्हणाला, ‘एबरहार्ड, हे तू ने. झीग्लोख मापं बरोबर घेतो, पण टाकीकडे बघत नाही. तुझी ताई टाकीकडे बघते, पण मापं घेत नाही. तू दोन्ही करतोस.’ ताई, माणूस आयुष्यात याहून मोठं काय ऐकणार? मी ते पांघरुणात गुंडाळलेल्या डब्यातून मांडीवर घेऊन आणलं. तो गेल्यापासून दर वर्षी हार्टमुटच्या वाढदिवसाला त्याच्या पत्नी आनेरोझवहिनी प्लमचा केक करून आणतात, टाकीसमोर खुर्ची ओढून बसतात आणि त्या प्रवाळाकडे बघत कॉफी पितात. बोलत फारसं नाहीत. त्या दिवशी ते प्रवाळ निळं दिसायलाच हवं, एवढं एकच काम हार्टमुटनं माझ्यावर टाकलेलं आहे.

आणि नेमकं याच उन्हाळ्यात डॉक्टरनं मला गुडघ्यासाठी गरम पाण्याच्या झऱ्यांवर धाडलं. नको म्हणायची सोय नव्हती, विमा मंडळानं मंजुरी दिली होती, आणि मंजूर झालेली गोष्ट आपल्याकडे कोणी सोडत नाही. निघताना मी इर्मगार्डला टाकीसमोर उभी करून सगळं समजावलं. मासे हे असे खातात, दिवे आपोआप लागतात, आणि पिंपातलं पाणी कमी झालं की या मोठ्या कॅनमधलं भरायचं. ती म्हणाली, ‘जा रे बाबा, मी काय पहिल्यांदा घर सांभाळतेय?’ (कॅनमध्ये मी तयार निवळी भरून ठेवली होती. तिच्या तळाशी पांढरा गाळ होता. हा गाळ म्हणजेच सगळं काही, हे सांगायचं राहिलं. पण मला सांग, पाण्यात मीठ असतं हे कोणी मिठाला सांगत बसतं का?)

झऱ्यांवर मला दिवसभर चिखलात पुरून ठेवायचे, मग गाजराचा रस द्यायचे. संध्याकाळी मी इर्मगार्डला फोन करायचो. मासे? मजेत. प्रवाळ? आहे तिथेच आहे. पिंप? एके दिवशी ती फार खुशीत म्हणाली, ‘पिंप तर असं लख्ख आहे की तू बघतच राहशील.’ ताई, प्रवाळ पाळणाऱ्या कोणाही शहाण्या माणसानं ‘लख्ख’ हा शब्द ऐकला असता तर तो अंगावरच्या चिखलासकट आगगाडीत बसला असता. मी मात्र म्हणालो, ‘वा, शाब्बास,’ आणि गाजराचा रस प्यायलो.

घरी आलो. जिन्यातच कळलं की काहीतरी घडलं आहे, कारण कठडा चमकत होता. झालं असं, की त्या आठवड्यात घरोघर पाळीनं फिरणारी जिना झाडायची पाटी आमच्या दारावर आली होती. इर्मगार्डनं जिना झाडला, पुसला, खिडक्या धुतल्या, तरी तिच्या हाताची खुमखुमी जिरेना. मग तिची नजर टाकीकडे गेली. पिंपाच्या आत पांढरा थर. नळीत पांढरा थर. पंपावर, पाणी ऊबदार ठेवणाऱ्या कांडीवर, सगळीकडे पांढरा थर. तिला आधी माझी लाज वाटली (हे तिचेच शब्द), की बॉयलरवाल्याच्या घरी ही अवस्था! आणि मग दया आली, की बिचाऱ्याला गुडघ्यामुळे खाली वाकता येत नसेल. तिनं लिंबूसत काढलं, सगळं सोडवून उकळत्या पाण्यात भिजवलं, दातांच्या ब्रशनं कोपरे घासले, कॅनमधला ‘घाणेरडा’ गाळ मोरीत ओतला, आणि पिंपात गाळणीचं निर्मळ, गोड पाणी भरलं. दर वेळी तेच भरत राहिली. मागच्या काचेवरचा तो गुलाबी, कडक थर, जो यायला वर्षं लागतात आणि जो बघायला लोक चपला काढून आत येतात, तोही ती चाकूनं खरवडायला निघाली होती, पण तेवढ्यात तिची मैत्रीण कॉफीला आली.

मी टाकीसमोर जाऊन उभा राहिलो. पिंपात माझं तोंड दिसत होतं. पाण्याचा नमुना घेतला आणि थेंब टाकायला लागलो तर मोजायला तोंड उघडायच्या आत निळा रंग आला. त्याआधी मी वर बघितलंच नव्हतं. मग बघितलं. हार्टमुटचं प्रवाळ बुंध्यापासून पांढरं पडत वर आलं होतं, आणि शेंड्यांवर थोडी तपकिरी कातडी लोंबत होती. मी तिथेच खाली बसलो, गुडघा दुखायचाही विसरला.

‘अगं, तो चुना होता!’ मी ओरडलो. ‘चुना होता म्हणून तर काढला!’ ती म्हणाली. ‘मुद्दाम घातलेला चुना!’ ‘मुद्दाम? मुद्दाम चुना कोण घालतं?’ एवढी वर्षं याच तोंडानं तिला सांगत आलो की पांढरं दिसलं की घास. तिचा चेहरा उतरला. तिनं टाकीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, ‘आनेरोझ केव्हा येते रे?’ त्या रात्रीच्या जेवणात तिनं सूपमध्ये मीठ घातलं नाही आणि मी मागितलं नाही, यावरून तू काय ते समज.

पुढचा प्रकार लिहायला मला आवडत नाही, पण तू दुसऱ्या कोणाकडून ऐकावंस यापेक्षा मीच लिहितो. घाई नडली. झीग्लोखसाहेबांना फोन केला तर ते म्हणाले, ‘वाइडलेसाहेब, दमानं घ्या. कॅल्शियम, क्षारता आणि मॅग्नेशियम ही तिपाईची तीन पावलं आहेत, एकच लांब केलंत तर बूड आपटेल.’ (तीस वर्षं एका टेबलाशी बसतो, तरी आम्ही आडनावाला साहेब लावूनच बोलतो. ते बरंही आहे, भांडताना सोपं जातं.) मला वाटलं, हा माणूस मला शिकवणार? मी दुकानातून दोन मोठ्या बाटल्या आणल्या, एक कॅल्शियमची, एक क्षारतेची, आणि मॅग्नेशियम न बघताच दोन्ही एकामागून एक ओतल्या. ताई, टाकीत बर्फ पडायला लागला. अगदी खराखुरा, नाताळच्या चित्रातला. सगळं कॅल्शियम पांढरा भुगा होऊन माशांच्या डोक्यावर भुरभुरत खाली बसलं. इर्मगार्ड दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात लिंबूसताची पिशवी नव्हती, पण तिच्या नजरेत होती. ‘हे पण मुद्दाम घातलंयस का?’ तिनं विचारलं.

त्यानंतर मात्र मी तुझा भाऊ असल्याचं दाखवून दिलं. आधी मॅग्नेशियम जागेवर आणलं. मग क्षारता, रोज थोडी. मग नवं पिंप, नवी निवळी, तळाशी चांगला जाड गाळ, आणि पिंपावर इर्मगार्डच्याच हातानं चिठ्ठी चिकटवली: ‘हात लावू नये.’ आकडा रांगत रांगत चढला आणि एके सकाळी चारशे वीसवर येऊन बसला, तो आजतागायत उठलेला नाही. बाकीच्या प्रवाळांनी तोंडं उघडली. मासे जाडजूड झाले. पण हार्टमुटचं प्रवाळ पांढरंच राहिलं. शेंड्यांवरची कातडीही गेली. नुसता सांगाडा, बाबांच्या खुराड्याभोवती असायचा तसा दगड. मंडळातल्या सगळ्यांनी सांगितलं, काढून टाक. मी काढलं नाही. आनेरोझवहिनींना फोन करून काहीतरी सबब सांगावी म्हणून मी दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला. इर्मगार्ड म्हणाली, ‘खोटं बोलायचं नाही. येऊ दे तिला.’ ताई, तुझ्यापाशी लपवून काय करू, मी न्हाणीघरात जाऊन रडलो. हार्टमुट गेला तेव्हाही इतका रडलो नव्हतो, तेव्हा निदान त्याचं प्रवाळ होतं.

आणि आता ऐक. जरा सावरून बस.

गुरुवारी मंडळाची बैठक नेहमीच्या खानावळीत होती. मी जाणार नव्हतो, पण इर्मगार्डनं जवळजवळ ढकलूनच पाठवलं, म्हणाली घरात बसून तोंड पाडण्यापेक्षा जा. तिथे सगळे माझ्याशी घरात गमी झाल्यासारखं हळू आवाजात बोलत होते. शुक्रवारी सकाळी दिवे लागले, मी कॉफी घेऊन टाकीसमोर गेलो, आणि बघतो तर काय! सांगाड्याच्या बुंध्याशी, जरा मागच्या अंगाला, अंगठ्याएवढी फांदी. जिवंत! तपकिरी अंग, टोकाला तोच निळा रंग, आणि अंगावरचे बारीक बारीक हात बाहेर काढून ती चक्क जेवत होती. मी इर्मगार्डला हाक मारली. ती पदर... नव्हे, एप्रनला हात पुसत आली (बघ, आनंदात काय लिहितोय तेही कळत नाही) आणि म्हणाली, ‘अगंबाई! खरंच की!’ तिचे डोळेसुद्धा भरून आले. मी तिला तिथल्या तिथे माफ केलं.

ती फांदी आधीपासून तिथे मागच्या बाजूला होती आणि माझ्या नजरेला पडली नाही, असं क्षणभर वाटलं. पण मी रोज बघतो, दोन्ही बाजूंनी बघतो. म्हणजे दगडाच्या खोबणीत कुठेतरी जीव दडून बसला होता, आणि चारशे वीस मिळाल्याबरोबर उसळून वर आला. झीग्लोखसाहेब दुपारीच भिंग घेऊन आले. बराच वेळ गुडघ्यावर बसून बघत राहिले. मग उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘वाइडलेसाहेब, इतकी वाढ इतक्या थोड्या अवधीत मी उभ्या आयुष्यात बघितलेली नाही.’ ताई, हे झीग्लोखसाहेब म्हणाले! ज्यांनी माझ्या टाकीबद्दल आजवर ‘बरी आहे’ यापलीकडे शब्द काढला नाही! मी त्यांना आकडा सांगितला आणि गप्प बसलो.

मग आनेरोझवहिनी आल्या. केक आणला, खुर्ची ओढली, बसल्या. मी सगळं खरं खरं सांगून टाकलं, झरे, पिंप, बर्फ, काही ठेवलं नाही, आणि मग बोट करून ती फांदी दाखवली. त्या पुढे वाकल्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे, कॉफी निवून गेली. शेवटी म्हणाल्या, ‘हार्टमुटचंच आहे हे. असंच एका बाजूला कलून वाढायचं. त्याला वाटायचं दिव्यामुळे, पण ते आपलं उगाच कलायचं.’ आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. बस्स, ताई. मला आणखी काही नको. माझं काम झालं.

आता सगळं मंडळ माझ्या मागे लागलं आहे. ऑक्टोबरमध्ये खानावळीच्या मागच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान ठेवलं आहे, विषय ‘मेलेलं प्रवाळ परत आणताना: स्थिर कॅल्शियमचा एक अनुभव’. झीग्लोखसाहेब प्रास्ताविक करतील. (थोडक्यात करतील, असं मी मंजूर करून घेतलं आहे.) शेजारच्या दोन गावांची मंडळंही येणार आहेत. चार पानं लिहून झाली, अजून मॅग्नेशियमला हात घातलेला नाही. इर्मगार्ड रोज ऐकते आणि मधेच खोकायला लागते, हवा बदलल्यामुळे असावं.

भावजींना नमस्कार. कान गुंडाळत जा.

तुझा धाकटा भाऊ,
एबरहार्ड

ता. क. व्याख्यानाला तू यावंस अशी माझी मनापासून इच्छा आहे. जाण्यायेण्याचं तिकीट मी काढतो. (हे वाक्य तू परत एकदा वाचशील म्हणून सांगतो, हो, मीच काढतो.)

ता. क. २. येताना तुझ्याकडची हार्टमुटची फांदी, म्हणजे तिचा एखादा तुकडा, बरणीत घालून आण. खरं सांगायचं तर पत्र लिहिण्याचं कारण हेच. व्याख्यानात मला दोन्ही नमुने शेजारी शेजारी ठेवायचे आहेत: एक मोजून, जोखून, चारशे वीसवर वाढवलेला, आणि एक नुसता बादलीभर पाण्यावर रामभरोसे वाढलेला. लोकांना फरक डोळ्यांनी दिसला पाहिजे. तुझं नाव घेणार नाही. ‘उत्तरेकडील एक हौशी बाई’ एवढंच म्हणेन. राग मानू नकोस, हे शास्त्रासाठी आहे.

(खालचा मजकूर माझा आहे, इर्मगार्डचा. तिकीट लावायला पाकीट माझ्याकडे उघडंच दिलंय.)

लीझल गं, वाचलंस ना? अर्ध्या वाटेवर कासेलच्या फलाटावर तू तुझ्या फांदीचा तुकडा घातलेला थर्मास माझ्या हातात दिलास तेव्हाच म्हणाली होतीस, की याला कळायला एक मिनिट लागणार नाही. आता बघ. गुरुवारी तो बैठकीला गेला आणि मी बाह्या वर करून कोपरापर्यंत टाकीत हात घातला. तू सांगितलंस तशीच ती फांदी सांगाड्याला चिकटवली, जरा मागच्या अंगाला. सकाळी त्याची हाक ऐकून मला खरंच रडू आलं, ते काही नाटक नव्हतं. सांगणार होते गं, पण तोवर तो भिंगवाला येऊन गेला आणि मग व्याख्यानच ठरलं.

आनेरोझला मात्र कळलं. स्वयंपाकघरात बशा पुसताना म्हणाली, ‘डिंक जरा जास्त झालाय. हार्टमुटही असाच थापायचा.’ मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘कुठल्या का वाटेनं असेना, आहे त्याचंच.’ आणि केकचा अजून एक तुकडा घेतला.

एक कबूल करायला हवं. चिकटवल्यापासून ती फांदी भराभर वाढते आहे, आणि ती त्याच्या चारशे वीसवरच. तेव्हा तो जेवढा मिरवतोय त्यातलं निम्मं त्याचं आहेच.

तू ये, आणि बरणी आण. तो तुझ्या दोन्ही फांद्या शेजारी ठेवील आणि हॉलभर लोकांना त्यांच्यातला फरक समजावून सांगेल. आनेरोझ, तू आणि मी पहिल्या रांगेत बसू. माझ्याकडे तेवढं बघू नकोस.